गाजलेले जुने अल्बम एकेक करून ऐकालोय, काही लगेच लागले, काही अजून बंदच. तुम्ही कसं ऐकता?

वडगावचा_पेटीवाला

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वडगाव भागातला. आमच्या भजनी मंडळात पेटी धरतो, त्यामुळं अभंग, नाट्यगीतं, भीमसेनअण्णा, मन्सूर, कुमारजी आणि बाहेर टपरीवर राजकुमारची कन्नड गाणी, हेच कानावर पडत मोठा झालो. इंग्लिश गाण्याची ओळख म्हणजे गॅदरिंगला वाजतात तेवढीच. ह्या पावसाळ्यात मनावर घेतलं की जगात क्लासिक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते अल्बम पूर्ण ऐकायचे, मधलंच एक गाणं उचलून नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग जॅझ असो रॉक असो रेगे असो नुसता पियानो असो. काय काय वाटलं ते लिहितो आणि शेवटी एक अडचण विचारतो, जरा लांबेल, वाचा की.

माइल्स डेव्हिसचा काइंड ऑफ ब्लू, १९५९ चा. हा पहिल्या ऐकण्यातच आत गेला. सो व्हॉट चालू असताना पेटी जवळच होती म्हणून स्वर शोधले, तर 'सा' येतोय पांढरी दोनला (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला) आणि वरचे सगळे स्वर सरळ काफी थाटाचे, गंधार निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हटलं हे तर ओळखीचं आहे, आणि तेवढ्यात सगळंच्या सगळं अर्ध्या स्वरानं वर सरकलं, काळी दोनला! तिथं आठ बार, म्हणजे आठ आवर्तनं, राहिलं आणि परत खाली पांढरी दोनला आलं. ओ, आमच्यात तंबोरा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत 'सा' जागचा हलत नाही आणि इथं तो 'सा'च उचलून शेजारी ठेवतात आणि तरी कुठं काही मोडल्यासारखं वाटत नाही. त्या रात्री तेवढं एकच परत परत लावलं. शेवटचं फ्लेमेन्को स्केचेस तर त्याहून वेगळं, पाच स्वरसप्तकं ओळीनं ठरलेली, पण एकेकात किती वेळ रमायचं ते वाजवणाऱ्याच्या मर्जीवर. हे कळल्यावर ऐकताना प्रत्येकाच्या वेळी वाटतं आता सोडेल, आता सोडेल, आणि तो अजून तिथंच थांबलेला असतो.

जॉन कोल्ट्रेनचा अ लव्ह सुप्रीम, १९६५ ला आलेला. सॅक्सोफोन मला आधी कर्कश वाटायचा हे खरं, पण ह्यात चार सुरांची एक छोटी ओळ तो सगळ्या पट्ट्यांतून फिरवतो आणि नंतर तीच ओळ तोंडानं म्हणायला लागतो, नामस्मरणासारखी, तिथं मी सरळ बसलो. शेवटच्या भागात तर स्वतः लिहिलेली प्रार्थना तो सॅक्सवर अक्षराला अक्षर लावून वाजवतो, शब्द एकही उच्चारत नाही. ती प्रार्थना अल्बमच्या कव्हरवर छापलेली आहे, ती समोर ठेवून ऐकलं तर ओळ कुठं संपते ते खरंच कळतं. देवाशी बोलायला शब्दच पाहिजेत असं नाही, हे आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांना ऐकवायचं आहे मला.

पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून, १९७३. ह्यात क्लेअर टोरी नावाच्या बाईंचं निव्वळ आवाजाचं गाणं आहे, शब्द नाहीत, त्यांना सांगितलेलं की शब्द नकोत, मनाला येईल ते गा. रडणं, ओरडणं, थकणं सगळं त्याच्यात आहे. आपल्याकडं आलाप म्हणजे रागाची वाट, त्या बाईंना कसलीच वाट नाही, तरी भरकटल्या नाहीत. बॉब मार्लेचा एक्झोडस, १९७७, तो पण आवडला, पहिलं गाणं लांबून चालत आल्यासारखं हळूहळू मोठं होतं तिथंच मी त्यांचा झालो.

आता अडचण. बीटल्सचा ॲबी रोड, जोनी मिचेलचा ब्लू, ब्लॅक सॅबथचा पहिला आणि ग्लेन गूल्डनं वाजवलेली बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, हे चारही माझ्यासाठी बंद दरवाजे आहेत. मी राग शोधायला जातो आणि गाणं एका जागी थांबतच नाही. ॲबी रोडच्या शेवटी तर एखादी चीज खुलायच्या आत दुसरी चालू. शिवाय ब्लूमध्ये शब्दच सगळं आहेत म्हणतात आणि माझं इंग्लिश ऑफिसापुरतं. जगानं चांगलं म्हटलंय म्हणजे काहीतरी असणार ह्याची मला खात्री आहे, म्हणून सोडायची इच्छा नाही. तुम्ही लोक अशा वेळी काय करता, कुठून धरता?

ठेका_निपाणी

पेटीवाले भाऊ, वाचून लई बरं वाटलं. मी तबल्याचा माणूस, त्यामुळं मी स्वर सोडून ठेक्यानं आत जातो. तुम्ही डेव्ह ब्रुबेकचा टाइम आउट ऐकला नसाल तर आधी तो ऐका, तो पण १९५९ चाच. टेक फाइव्ह पाचाचं आहे. मी झपतालाचं अर्धं आवर्तन धरून बसलो तर गणित उलटंच लागेना, कारण झपतालात दोन-तीन आणि इथं तीन-दोन. एकदा हात बसला की मग जो मॉरेलोचा ड्रम सोलो ऐका, मागं पियानो तेवढाच तुकडा वाजवत राहतो, अगदी आपल्याकडं तबला सोलोला लेहरा, म्हणजे तीच ती चाल, धरतात तसा, आणि वर तो माणूस जागा सोडून सोडून मारतो. मोकळ्या जागा मोजायला शिकलो मी त्याच्याकडनं.

आणि त्याच अल्बमचं पहिलं, ब्लू रोंडो, नऊचं. दोन-दोन-दोन-तीन असं तीनदा आणि चौथ्या वेळी तीन-तीन-तीन. हा नऊचा हिशोब ब्रुबेकनं १९५८ च्या दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वाजवणाऱ्यांकडनं उचलला, त्याच दौऱ्यात तो भारतात पण येऊन गेला होता. मला हे फार आवडतं, की मोठा माणूस रस्त्यावर थांबून ऐकतो.

डार्क साइडमधलं मनी पण सातात आहे, पण रूपक म्हणून मोजू नका, फसाल. रूपकात तीन-दोन-दोन आणि समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली (टाळी नाही, हात मोकळा), इथं आधी चार मग तीन अशी ओढ आहे आणि गिटारचा सोलो आला की सगळे सरळ चारात येतात. तो बदल होतो त्या जागेला माझं अंग शहारतं अजून. तेव्हा माझं मत असं की आपला ताल, आपला राग घेऊन आत जाण्यात काही वाईट नाही. बीटल्सच्याच रिव्हॉल्व्हरमध्ये, १९६६ च्या, लव्ह यू टू ऐका, तबल्यावर अनिल भागवत आहेत आणि कव्हरवर त्यांचं नाव आहे. तिथनं बीटल्समध्ये शिरा.

टिळकवाडी_गिटार

ठेका दादांचं तालाचं सगळं पटलं, पण रागाचं नाही पटलं. मी गिटार शिकवते आणि हीच गोष्ट माझ्याकडं येणाऱ्या, पेटी येत असलेल्या मुलांत रोज बघते. राग शोधत गेलं की काइंड ऑफ ब्लूसारखं संगीत लगेच उघडतं कारण ते मुद्दाम एकेका स्वरसप्तकात थांबायला बनवलंय. पण बीटल्स, जोनी मिचेल, बाख ह्यांचं मुख्य काम चालीत नाहीच, ते चालीच्या खाली आहे. तुम्ही वरची चाल ऐकताय आणि खालचं ऐकायची आपल्याला सवयच नाही, कारण आपल्याकडं खाली तंबोरा असतो आणि तो बदलत नाही.

पेटीवर हे करून बघा दादा, आत्ता. उजव्या हातानं वरच्या सप्तकातली पांढरी एक दाबून धरा, सोडू नका. डाव्या हातानं खाली आधी पांढरी एक वाजवा, मग पांढरी सहा, मग पांढरी चार. वरचा सूर तोच आहे, बोट हललं नाही, पण आधी तो 'सा' वाटेल, मग कोमल गंधार वाटेल, मग पंचम वाटेल. एकच सूर आधी शांत, मग उदास, मग मोकळा. पाश्चात्त्य गाण्यातली निम्मी भावना ह्या एका युक्तीत आहे. तुमच्या सो व्हॉटमध्ये 'सा' एकदा सरकला तर तुम्ही रात्रभर ऐकलात, बीटल्समध्ये तो दर ओळीत सरकतो, म्हणून तुम्हाला पकडता येत नाहीये एवढंच.

तर ॲबी रोड असा ऐका. समथिंग लावा आणि गाणाऱ्याकडं लक्षच देऊ नका, फक्त बास गिटार ऐका, पॉल मॅकार्टनीची. ती चालीच्या मागं मागं जात नाही, ती स्वतःच एक दुसरं गाणं गाते आणि तरी कुठं आडवी येत नाही. हेडफोन चांगला लागेल, मोबाइलच्या स्पीकरवर बास येतच नाही. आणि शेवटची जी तुकड्यांची माळ तुम्हाला खटकली, तिच्यात सुरवातीची यू नेव्हर गिव्ह मी युवर मनीची चाल कॅरी दॅट वेटमध्ये परत येते. ती कुठं येते ते स्वतः शोधा, मी सांगत नाही.

ब्लू माझ्या जिवाजवळचा आहे म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. जोनी मिचेलला लहानपणी पोलिओ झालेला, डावा हात अशक्त, नेहमीच्या पद्धतीनं तारा दाबणं जड जायचं, म्हणून तिनं तारा वेगवेगळ्या स्वरांत लावून घेतल्या आणि त्यातनं असे स्वरमेळ निघाले की आम्हा गिटारवाल्यांना ते नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सापडतच नाहीत. १९७१ चा अल्बम, बऱ्याच ठिकाणी ती, एक गिटार नाहीतर पियानो नाहीतर डल्सिमर (मांडीवर ठेवून वाजवायचं तंतुवाद्य), एवढंच. शब्दांची काळजी करू नका. आधी रिव्हर लावा. सुरवातीला पियानोवर जिंगल बेल्सची चाल आहे, नाताळची, शाळेतली पोरंसुद्धा ओळखतील, पण ती अशी वाकवलीय की सणाच्या दिवशी घरापासून लांब असलेलं माणूस समोर येतं. एवढं इंग्लिश न कळता कळतं. मग शब्द वाचा, आधी नको.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

भावा ब्लॅक सॅबथ बंद दरवाजा म्हणालास म्हणून लिवालोय, नाहीतर मी नुसता वाचून जातो. टोनी आयोमी कोण होता बघ. बर्मिंगहॅमचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला, वय सतरा, कामाचा शेवटचा दिवस, आणि प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे उजवा हातच तारा दाबायचा. संपलं सगळं म्हणून बसला होता, तर कारखान्यातल्याच साहेबानं त्याला जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून ऐकवली आणि मग सांगितलं की हा माणूस आगीत हात भाजल्यावर दोन बोटांवर सोलो वाजवतो. मग ह्या पठ्ठ्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर कातडं चिकटवलं, हलक्या तारा चढवल्या आणि वाजवाय लागला. पुढं १९७१ च्या मास्टर ऑफ रिॲलिटीत तर तारा खाली उतरवूनच लावल्या, तिथनं तो जड आवाज आला जो आज सगळे मेटलवाले वाजवतात. आमच्या इथं प्रेसवर, फाउंड्रीत उभं राहिलेल्या माणसाला ही गोष्ट सांगून बघ, तो गप होतो.

पहिला अल्बम १९७० चा, एका दिवसात रेकॉर्ड केलेला. चालू होतो पावसानं आणि चर्चच्या घंटेनं. मग गिटार येते, तीनच सूर आहेत, तुझ्या भाषेत सांगतो, मला पण थोडी पेटी येते. 'सा', मग वरचा 'सा', मग खाली तीव्र मध्यम. एवढंच. यमनात तोच तीव्र मध्यम किती गोड लागतो की, आणि इथं त्याला पंचमाकडं जाऊच देत नाहीत, तिथंच लटकवून ठेवतात, म्हणून पोटात गोळा येतो. मी रात्री शिफ्ट सुटल्यावर ऐकतो, दिवसभर कानात जो आवाज असतो तो कुणीतरी सुरात लावून दिलाय असं वाटतं, आणि डोकं शांत होतं माझं. लोकांना खरं वाटत नाही, पण होतं.

जुना_रेडिओ_खानापूर

धागा वाचतोय. धारवाड आणि सांगली दोन्ही आकाशवाणी कानाला लावून आमची पिढी वाढली, त्यामुळे ऐकण्याची आवड समजते.

पेटीवाले, एक व्यवहाराची गोष्ट सांगतो जी कुणी सांगितली नाही. हे अल्बम लाँगप्लेसाठी बनलेत. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं, मग उठून रेकॉर्ड उलटायची. मोबाइलवर ती मधली जागा नाहीशी झाली, आणि निम्मा घोटाळा तिथं आहे. ॲबी रोडची पहिली बाजू कशी संपते बघा, भलंमोठं गाणं एकाच घोळात फिरत वाढत जातं आणि मध्येच कापल्यासारखं बंद होतं. मग शांतता, माणूस उठणार, रेकॉर्ड उलटणार, आणि दुसऱ्या बाजूला हिअर कम्स द सन, कोवळं ऊन. मोबाइलवर हे दोन्ही एकमेकांना चिकटून येतात. डार्क साइडमध्ये तुमच्या त्या बाईंच्या गाण्यावर बाजू संपते आणि उलटल्यावर मनीची नाणी वाजतात. एक्झोडसची पहिली बाजू रागाची, झगड्याची, दुसरी प्रेमाची, नाचाची. तेव्हा बाजू कुठे संपते ते आधी बघून घ्या, तिथे बंद करा, चहा घ्या, मग पुढचं.

आणखी एक. काइंड ऑफ ब्लू पेटीवर लावून बघताना स्वर किंचित चढा लागला तर पेटीला दोष देऊ नका. रेकॉर्डिंगच्या वेळी एक टेप मशीन थोडं हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी कित्येक वर्षं मूळ स्वरापेक्षा जरा वरच विकली गेली, ते १९९० च्या दशकात दुरुस्त झालं. तुमच्या पेटीशी जुळलं म्हणजे तुम्ही दुरुस्त प्रत ऐकताय.

गिटारताईंचं चालीखालचं ऐका हे उत्तम. पण मी म्हणेन आपल्याकडचाही एक अल्बम ह्याच यादीत बसवा, कॉल ऑफ द व्हॅली, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काबरा. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. तिथे राग आहे आणि अल्बमही आहे, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या तुकड्यांनी मिळून काहीतरी सांगणं आहे. ते तुमच्या कानात आधी बसलं की ॲबी रोडची माळ परकी वाटणार नाही.

उद्यमबागवाल्या भावाचं वाचून मला आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवले. क्षयानं फुप्फुस गेलं, कित्येक वर्षं गाणं बंद, आणि परत आले ते लांब दमाच्या ताना सोडून छोटी छोटी धारदार स्वरवाक्यं घेऊन. निर्गुणी भजनं ऐकून बघा त्या कानानं.

वडगावचा_पेटीवाला

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. प्रत्येकाचं करून बघितलं आणि मगच लिहालोय.

ताई, ती पांढरी एक धरून खाली सहा आणि चार वाजवायची गोष्ट केली आणि अंगावर काटा आला. इतकी वर्षं पेटी वाजवली, डावा हात भात्यावरच होता, हे कधी करायचं सुचलंच नव्हतं. भाता शेजारच्या पोराला धरायला लावला आणि दोन्ही हातांनी वाजवलं. मंडळातल्यांना दाखवलं, एक काका म्हणाले परत वाजव, परत वाजव. मग समथिंग फक्त बाससाठी ऐकलं, आणि खरंच खाली दुसरा माणूस गातोय. आता मला वरची चाल पण जास्त आवडायला लागली कारण ती कशावर उभी आहे ते दिसतंय.

काकांनी सांगितलं तसं बाजू संपल्यावर थांबलो. ते कापलेलं गाणं आणि मग हिअर कम्स द सन, खरंच ऊन पडल्यासारखं झालं. आणि ताई, ती परत येणारी चाल सापडली. सगळे मिळून ओझं वाहायचं गाणं म्हणत असतात आणि मध्येच पितळी वाद्यांवर ती जुनी चाल येते, पहिल्यांदा आली तेव्हा साधी वाटलेली, आता तीच ऐकून गळा दाटला. तुकडे तुकडे वाटत होते ते एकाच धाग्यात ओवलेले निघाले. ॲबी रोड आता माझा आहे.

ब्लूमधलं रिव्हर उघडलं, बाकीचा अल्बम हळूहळू. सॅबथचा तीव्र मध्यम ऐकला भावा, पेटीवर वाजवला पण, आई आतनं विचारायला आली काय वाजवालास म्हणून. अल्बम अजून मला जड जातो पण आता तो माणूस कोण आहे हे माहीत आहे, त्यामुळं बंद करवत नाही. ब्लू रोंडो मोजता येईना, ठेकादादा, चौथ्या फेरीला दरवेळी पडतोय.

राहिला गूल्ड. त्याची गोल्डबर्गची दोन रेकॉर्डिंग दिसतात, १९५५ चं आणि १९८१ चं. दोन्ही थोडी थोडी ऐकली, दोन माणसं वाजवतायत असं वाटतं. कुठलं आधी ऐकू?

ठेका_निपाणी

चौथ्या फेरीला आकडे मोजू नका, तोंडानं बोला. तकतकतकतकिट असं तीनदा आणि मग तकिटतकिटतकिट. बोल तोंडात बसले की हात आपोआप येतो.

टिळकवाडी_गिटार

पेटीवाले दादा, तुमचं वाचून मी पण ॲबी रोड परत लावला.

गूल्ड आधी १९८१ चा ऐका. १९५५ ला तो बावीस वर्षांचा होता, सगळं अडतीस-एक मिनिटांत उडवतो, थक्क व्हायला होतं पण नवख्याला धरायला काही मिळत नाही. १९८१ ला तेच एक्कावन्न मिनिटं, पुढच्याच वर्षी तो गेला. सुरवातीची आरिया (ज्यावरनं पुढची सगळी व्हेरिएशन्स निघतात तो मूळ तुकडा) इतकी सावकाश आहे की एकेक सूर हातात घेता येतो, आणि मागं त्याचं गुणगुणणं पण ऐकू येतं, ते रेकॉर्डिंगमधला दोष समजू नका, त्याला वाजवताना गायची सवयच होती.

आणि तुमचा दरवाजा का बंद होता ते सांगते. व्हेरिएशन्स म्हटल्यावर आपण आरियाची वरची चाल पुढं शोधत बसतो आणि ती मिळत नाही. बाखनं तीसही व्हेरिएशन्स चालीवर केलेली नाहीत, खालच्या बासवर केलीत. पहिले आठ सूर पेटीवर काढून घ्या. पांढरी पाचला 'सा' धरा आणि खाली उतरत सा नि ध प, मग तिथनं ग म प, आणि शेवटी खालचा सा. सगळे शुद्ध. हे आठ सूर तोंडपाठ होईपर्यंत गुणगुणा, मग आरिया लावा आणि फक्त डावा हात ऐका. मग पहिलं व्हेरिएशन लावा, वर कितीही धावपळ झाली तरी खाली हेच आठ सूर कुठं कुठं येतात ते धरत जा. एका दिवशी तीसही करू नका, आरिया आणि पहिली तीन-चार पुरे, आणि कुठल्यात धागा सुटला ते इथं लिहा, मी गिटारवर वाजवून कुठं लपलाय ते सांगते.